सुनेच्या एमबीएवर मी हसले

"एमबीए-फिमबीए काय करायचं? माझी सून वर्ष झालं रोज नांदेडला कॉलेजला जाती, अजून तिला येसर भाजता येईना. धंदा पुस्तकात न्हाई बाबा, हातात असतो!"

हे मी बोलले. कॅमेरा चालू होता. मुदखेडला आमच्या दारासमोर गल्लीतल्या बाया जमल्या होत्या, त्या खदाखदा हसल्या. लातूरहून आलेला बातमीवाला पोरगा हसला. आणि माझी सून अश्विनी, त्याच्याच मागं माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती — तीही हसली. जरा उशिरानं हसली. मी ते पाहिलं. पाहिलं, आणि पुढं बोलत राहिले.

तो व्हिडिओ तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिला असेल. चौथी शिकलेली म्हातारी एमबीएवाल्या सुनेला धंदा शिकवते, असं त्याच्यावर लिहिलं होतं. आवडला ना? पुढं पाठवला ना? त्यात खरं एवढंच होतं की मी चौथी शिकले. बाकीचं खोटं. हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही — पोराजवळ नाही, सुनेजवळही नाही. तिला सांगायचं तरी काय? तिला तर ठाऊकच होतं.

येसर म्हणजे लग्नाच्या आमटीला लावायचं पीठ. धान्य-डाळी भाजायच्या, मसाला घालायचा, गिरणीतून दळून आणायचं. लग्नघरी बाया जमून करतात आणि लग्नातच संपवतात. माझ्या हाताला चव आहे, त्याबद्दल मी कुणाचं ऐकून घेणार नाही. आमचे मालक वारल्यावर मी लोकांच्या लग्नांची येसरं करून दिली. मग पाकिटं भरून दुकानांत ठेवायला लागले, आणि तिथं फसले. गिरणीतून आलेलं गरम पीठ मी तसंच पाकिटात कोंबायची. लग्नघरी तसंच तर डब्यात भरतात, कधी काही होत नाही — होणार कसं, ते बिघडायच्या आत खाऊन संपतं! दुकानात ते महिनोन्महिने पडून राहतं. पाकिटाला आतून घाम सुटायचा, पिठाच्या गाठी व्हायच्या, वास मारायचा. हदगावच्या दुकानदारानं सगळा माल परत धाडला. मी त्यालाच शिव्या घातल्या. तुझं दुकानच ओलं, म्हणलं.

अश्विनीनं परत आलेली पाकिटं एकेक करून फोडली. तेव्हा ती एमबीएच्या पहिल्या वर्षाला होती. स्वयंपाक उरकायचा आणि सकाळची गाडी धरायची, असं चाललेलं. बोटानं पीठ चोळत तिनं विचारलं, "आत्या, दळून आणल्यावर गार कधी करता?"

"गार? लग्नात कोण गार करत बसतंय?"

"हे लग्न न्हाई ना, आत्या."

एवढंच म्हणाली. पण तिथून धंदा सावरला. पीठ कापडावर पसरायचं, पुरतं गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही — हे तिचं. पाकीट लहान, एका घराच्या आमटीपुरतं — तिचं. मागच्या बाजूला आमटीची कृती छापायची, कारण नव्या पोरींना ती येत नाही — तेही तिचं. पाकिटावर माझा फोटो आहे, तो टाकायचं तिनंच ठरवलं. "लोकांचा तुमच्यावर विश्वास बसेल," म्हणाली. कॉलेजातही तिनं आमच्या येसरवरच अभ्यास लिहून दिला. आणि बाहेर कधी, कुठं, हे मी केलं म्हणून बोलली नाही.

मग मी तसं का बोलले? त्या पोरानं विचारलं होतं, "आजी, सून एमबीए आणि तुम्ही चौथी. मग मोठं कोण?" त्याला कोणतं उत्तर पाहिजे ते मला त्याच्या तोंडावर दिसलं. पण त्यानं वदवून घेतलं असं म्हणू नका. गिऱ्हाईक ओळखण्यात माझी हयात गेली — त्याला पाहिजे तो माल मी दिला. आणि चारचौघांत सुनेला कमी दाखवताना मला गोड लागलं. तिचं ऐकून माझा धंदा चालतो, हे मला रोज टोचत होतं. का टोचावं? माझंच तर घर भरत होतं. पण टोचत होतं.

तिथंच थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. माझा मुलगा दिगंबर — बायकोनं रोज गाडीनं नांदेडला जावं हे त्याला खुपतच होतं. जेवताना त्यानं फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि तो व्हिडिओ लावला.

"बघ, माझी आईच सांगून राहिली. आता दुसरं वर्ष कशाला?"

अश्विनीनं त्याच्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं. मी खोटं बोलले रे, एवढं म्हणायचं होतं. दिगंबर माझ्या शब्दाबाहेर नाही — तेव्हाही नव्हता. मी भाकरी मोडली आणि म्हणलं, "घरातली कामं बी लई वाढलीत."

ती उठली, ताटं उचलली. कॉलेजचं नाव तिनं पुन्हा काढलं नाही.

पुढं लातूरला बायकांच्या मेळाव्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ, समोर कॉलेजच्या पोरी. मी तीच गोष्ट सांगितली, आता जास्त रंगवून — कुठं थांबलं की टाळ्या पडतात ते कळलं होतं. एक पोरगी उठून म्हणाली, "आजी, मग आम्ही शिकू नये का?" मी म्हणलं, "शिका गं, पण आधी हाताला चटका बसू द्या." केवढ्या टाळ्या! अश्विनी तेव्हा घरी पाकिटं भरत होती.

आता तुम्ही म्हणाल, म्हातारी आहे, अडाणी आहे, तिला काय कळतंय. खबरदार! चौथी शिकलेल्या बाईला खरं-खोटं चांगलं कळतं. त्यासाठी कॉलेज लागत नाही, आणि ते कळतं म्हणून कॉलेज वाया जातं असंही नाही. मला माफी नको. माझी कीव तर अजिबात नको. तो व्हिडिओ अजून फिरतो आहे, लोक अजून खाली लिहितात — आजी, तुम्हीच खऱ्या गुरू. लिहा. मी वाचते.

खोटं मी बोलले, आणि बोलायचं तेव्हा गप्पही मीच बसले. शिक्षण सुटलं ते अश्विनीचं.