बत्तीस बोअर पुरेल का?

शुक्रवारची सकाळ होती, शारजात. सुट्टीच्या दिवशी लोक बीचवर जातात, नाहीतर दुबईला देवळात. आम्ही तिघं निघालो होतो पिस्तुलं चालवून बघायला... मी, माझा नवरा अविनाश आणि ठाण्याहून आलेला माझा धाकटा भाऊ नितीन.

नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट ही. नितीन ठाण्यात इमारती बांधायचा. छोटाच बिल्डर, पण तेव्हा छोट्यांनाही खंडणीचे फोन यायचे. फोनवरचा माणूस "दुबईहून बोलतोय" अशी सुरुवात करायचा. त्यामुळे माझा नेहमीचा शुक्रवारचा फोन गेला तरी माझी भावजय रिसीव्हर उचलायला घाबरायची.

पोलिसांत तक्रार झाली, लायसन्स मिळालं, आणि घरात साधा फटाका लावताना दहा पावलं मागे पळणाऱ्या आमच्या नित्याने बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर घेतलं. ते कमरेला लावून वर शर्ट सोडून तो साइटवर जायला लागला.

आमच्याकडे येताना ते पोलीस स्टेशनला जमा करून आला होता. पण हात सारखा कमरेकडे जायचा... हॉटेलात दाराकडे तोंड करून बसायचा. लिफ्टमध्ये अनोळखी कुणी शिरलं की मधल्याच मजल्यावर उतरायचा.

आला त्या दिवसापासून झोप अशी नाहीच. रात्रभर हॉलमध्ये येरझाऱ्या. माझ्या मुलीने विचारलंसुद्धा, "मामा, व्हाय डोन्ट यू स्लीप?" तर म्हणाला, "जागा बदलली ना बाळा, म्हणून."

आणि दिवसभर डोक्यात एकच किडा. बत्तीस बोअर पुरेल का?

मुंबईतल्या बंदुकवाल्याने तो सोडला होता. बत्तीसने माणूस थांबेलच असं नाही म्हणे, माझ्याकडे मोठ्या बोअरचं जुनं इंपोर्टेड रिव्हॉल्व्हर आहे, ते घ्या. पण ते चांगलंच जड. लहान ठेवावं तर भरवसा नाही, मोठं घ्यावं तर शर्टाखाली लपत नाही... जेवताना, चहा पिताना, टीव्हीसमोर, तेच दळण.

अविनाश इंडस्ट्रियल एरियातल्या एका वर्कशॉपचा मॅनेजर. त्याला मापाचा विषय मिळाला की झालं! बोअर म्हणजे नळीचं भोक, बत्तीस म्हणजे इंचाचे शंभरातले बत्तीस भाग, असं तो पेपर नॅपकिनवर चित्र काढून समजावत बसला. झटका जास्त असेल तर दुसरी गोळी भलतीकडेच जाते, तेव्हा हाताला झेपेल तेच घ्यावं, हे त्याचं मत. माझं म्हणणं, मोठंच घे. पोळ्यांपासून पिस्तुलापर्यंत, थोडं जास्त असलेलं बरं.

शेवटी अविनाशच म्हणाला, "चल, चालवूनच बघ." तिथे एका शूटिंग क्लबमध्ये ओळखपत्र दाखवलं की इन्स्ट्रक्टर शेजारी उभा राहून चालवू द्यायचा.

आधी बावीस बोअर. ते मीही चालवलं... हलकंसं, फार काही वाटलं नाही. मग नितीनच्या हातात नाइन एमएम दिलं. आपल्याकडे साध्या माणसाला ते मिळत नाही, पण निदान जास्त झटका म्हणजे काय ते कळावं. पहिल्या आवाजाला मी कानावर हेडफोन असूनही दचकले.

नितीनची मात्र एकही गोळी वाया गेली नाही. लेबनीज इन्स्ट्रक्टर खूश. "मुमताज, हबीबी! व्हेरी गुड!" मुमताज म्हणजे अरबीत 'उत्तम'. मीही टाळ्या वाजवल्या. म्हटलं, "बघ, झेपतंय तुला! मोठंच घ्यायचं. खलास!"

नितीनने पिस्तूल खाली ठेवलं, कानावरचं काढलं.

"ताई, ते कधी समोर आलेच नाहीत गं... नुसता फोन करतात. फोनवर कुठला बोअर चालवू?"

मग तो अविनाशकडे वळला. "भाऊजी, तुमच्या वर्कशॉपमध्ये काही काम आहे का? स्टोअरकीपरचंसुद्धा चालेल."

ज्याच्या शब्दावर साइट चालायची, तो माझा भाऊ नोकरी मागत होता... आणि तीही त्याच देशात, जिथून त्याला धमक्या यायच्या! पण त्याच्या तोंडावर लाज नव्हती. तो फक्त दमला होता.

अविनाश म्हणाला, "इन्शाल्ला, होईल." इथे ऑफिसात हा शब्द ऐकला की माणसं समजून जातात, काम होणार नाही. त्या दिवशी मात्र त्याचा अर्थ "हो" असाच होता. पुढे वर्षभरात नितीन धंदा भागीदाराला सोपवून बायकोमुलांसह शारजाशेजारच्या अजमानला राहायला आलाही.

पण मला ते नंतरचं एवढं आठवत नाही. आठवते ती परतीची वाट. गाडी हायवेला लागली आणि नितीन मागच्या सीटवर झोपला. भर दुपारी, तोंड उघडं टाकून, घोरत...

घर आलं. मी त्याला हाक मारणार, तेवढ्यात अविनाशने ओठांवर बोट ठेवलं. उन्हात गाडी बंद केली तर एसी बंद होईल, तो जागा होईल... म्हणून त्याने बिल्डिंगखालून गाडी पुढे काढली. अजमानच्या समुद्रापर्यंत गेला, वळला, परत आला, पुन्हा गेला. जेवणाची वेळ टळली, पेट्रोलचा काटा खाली आला.

अविनाश, त्या दुपारी तू गाडी थांबवली नाहीस. माझा भाऊ झोपला होता. थँक यू म्हणायचं राहूनच गेलं होतं रे... आज सगळ्यांसमोर म्हणते.