हाराचे खिळे

बायको गेली तेव्हा मी ओमानात होतो, माबेल्यात, तसबिरी मढवायच्या दुकानात. गावी पोचलो तोवर राखही निवली होती. दिवस उरकून परत कामावर आलो. वर्षश्राद्धाला भिंतीवर तिचा फोटो लागला पाहिजे, एवढंच डोक्यात. पण फोटो होता एकच, मुलीच्या लग्नातला, आणि त्यातही हिचा अर्धा चेहरा विहिणीच्या खोप्याआड. कॅमेरा दिसला की ही कुणाच्या तरी मागे सरायची. तशीच सवय.

त्याच सुमारास दुकानात विलायती साहेबांची जुनी चित्रं आली. ओमानात रेल्वे येणार म्हणून एक ऑफिस उघडलं होतं, त्यांच्या भिंतीसाठी. राणीच्या राज्यात ज्यांनी रेल्वे बांधली ते इंजिनियर. गालावर हे एवढे कल्ले, मागे पूल नाहीतर बोगदा. धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली म्हणे. काच बसवताना जवळून बघावं तर चेहरा कुठेच नाही, नुसत्या बारीक रेघा. जरा लांब धरलं की साहेब डोळे वटारून बघतोय. मला रागच आला. इथे रुळाचा तुकडा पडला नाही अजून, आणि साहेब आधी भिंतीवर.

टांगायला मीच गेलो. तिथला इंजिनियर आपल्याकडचाच होता.

"काका, फ्रेमला वर हे खिळे कसले?"

"हाराचे."

"हार? कुणाला?"

"मेलेत ना सगळे?"

तो पोट धरून हसला. "अहो, गोऱ्यांना कोण हार घालतंय! काढा ते. यल्ला, लवकर, मोठे साहेब यायच्या आत."

पकडीने खिळे उपटता उपटता मी विचारलं, "कोरणाऱ्याने यांना समोर बसवून कोरलं असेल, नाही?"

"छे हो. पुष्कळदा फोटोवरूनच कोरायचे. माणूस बघितलेलाही नसायचा."

ते माझ्या डोक्यात बसलं. एवढ्या मोठ्या लोकांना चालतं, मग माझ्या बायकोला का नाही? बाजूचा मल्याळी स्टुडिओवाला मला आधीच म्हणाला होता, "चाचा, आधा फेस है ना? उसी को उल्टा करके जोड़ देगा." तेव्हा मी नको म्हटलं होतं. त्या संध्याकाळी जाऊन हो म्हटलं.

फोटो झाला. दोन्ही बाजू सारख्या. हिची डावी भुवई स्टोच्या भडक्यात जळालेली, डोळ्याचा कोपरा ओढलेला. हसली की तो एकच डोळा मिटायचा. तीच बाजू नेमकी खोप्याआड होती. फोटोतल्या बाईला काही म्हणजे काही झालेलं नव्हतं. तरी मढवला.

वर्षश्राद्धाला गावी गेलो तेव्हा मुलीने फोटोवरचा कागद सोडला. बघत राहिली.

"बाबा, ही कोण?"

"आई तुझी."

भटजी खोळंबले होते, म्हणून टांगला. शेजारणी आल्या, पाया पडल्या, म्हणाल्या, "अगदी आता बोलेल असं वाटतं."

मीही हात जोडले. डोळे मिटले. मिटल्यावर तरी ही दिसेल म्हटलं.

तर तीच बाई दिसली. फोटोतली.