खिळ्यावरचा नमुना

चादरींच्या कारखान्यातल्या तपासनिसाला सगळे 'दॅनसाहेब' म्हणत. पाठीमागे म्हणत, पण इतक्या मोठ्याने की त्याला ऐकू जावं. तीस वर्षं तो रंगवून आलेला प्रत्येक ताका टेबलावर पसरी, गिऱ्हाइकाने मंजूर केलेल्या नमुन्याशी ताडून बघी आणि दोष निघाला की लाल शाईने चिठ्ठी लिही. माल परदेशी जाई, म्हणून चिठ्ठी इंग्रजीत. त्याचं सगळं इंग्रजी त्या चिठ्ठ्यांएवढंच होतं. 'डार्कर दॅन सॅम्पल.' 'शॉर्टर दॅन सॅम्पल.' गाठी जास्त असल्या तर 'मोअर नॉट्स दॅन सॅम्पल', वजन कमी भरलं तर 'लेस वेट दॅन सॅम्पल'. फक्त 'इन्फिरिअर'पुढे 'दॅन' चालत नाही, तिथे 'टू' लागतं, हे एका जुन्या हेडक्लार्कने त्याला सांगितलं होतं आणि नव्या माणसाला तो ते पहिल्याच दिवशी ऐकवी. 'बेटर दॅन'ही त्याला येत होतं. लिहायची वेळ कधी आली नव्हती.

घरीही तेच. मुलगी वर्गात दुसरी आली, तर पहिली कोण हे त्याने आधी विचारलं. पहिली आली होती त्याच्या धाकट्या भावाची मुलगी. बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो, माझ्याही पाठीला एक चिठ्ठी चिकटवा. माहेरी परत धाडायला बरं पडेल."

हा धाकटा भाऊ त्याच कारखान्यात रंगमास्तर होता. सहावीत शाळा सोडलेला, इंग्रजीच्या नावाने शून्य. पण परदेशी पाहुणे आले की मालक त्यांना आधी रंगखात्यात नेत. तपासणीच्या खोलीत पाहुणे दारातूनच डोकावत. वीस वर्षं हे दॅनसाहेबाला सलत होतं.

नमुना पत्र्याच्या कपाटात, कुलपात ठेवायचा असा नियम होता आणि त्याची जबाबदारी दॅनसाहेबावर होती. पण दरवेळी कुलूप कोण काढणार? शिवाय येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायलाही हवा. गर्द निळ्या चादरींची वर्षभराची ऑर्डर आली, तेव्हा त्याने तो नमुना टेबलामागच्या हिरव्या भिंतीवर खिळ्याला टांगला. समोर खिडकी होती. दुपारभर तिथे ऊन यायचं.

आठव्या महिन्यात पहिल्यांदा एक लॉट रंगखात्याकडे परत गेला. चिठ्ठी: 'डार्कर दॅन सॅम्पल.' भाऊ धावत आला.

"दादा, रंग तोच आहे. मी पावडर काट्यावर तोलून घालतो."

"मग काटा तपास. नाहीतर डोळे."

"एकदा नमुना खाली दे ना. बाहेर उजेडात बघू."

"नमुन्याला कुणाचा हात लागत नाही. तुझा हात गेला रे, एवढंच. मान्य कर आणि गप बस."

घड्या घालणाऱ्या बायकांतली थोरली म्हणाली, "मास्तर, कशाला तोंडाची वाफ दवडता? साहेबांनी आरशालासुद्धा चिठ्ठी लावली असती. 'टू' लिहू की 'दॅन' तेवढं ठरेना, म्हणून वाचला बिचारा."

बायका फिदीफिदी हसल्या. दॅनसाहेबाने त्या दिवशी त्यांच्या घड्यांत सतरा दोष काढले.

दुसरा लॉट परत गेला, तिसराही. मालकांनी भावाचं मास्तरपद काढून घेतलं आणि त्याला रंगाच्या टाक्या धुवायला लावलं. सगळ्यांसमोर. दॅनसाहेब तेव्हा खाली मान घालून पेनात शाई भरत होता.

त्याच आठवड्यात नमुन्याच्या कोपऱ्यावरच्या पुठ्ठ्याच्या लेबलाची टाचणी गंजलेली दिसली, म्हणून त्याने ती बदलायला काढली. लेबलाखालचं कापड गर्द निळं होतं. बाकीचा नमुना त्याच्यापुढे धुवट. त्याने दार लावलं आणि भावाच्या परत पाठवलेल्या चादरीचं टोक त्या निळ्या चौकोनाला लावून पाहिलं. केसाचाही फरक नव्हता.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. नमुना कपाटाबाहेर कुणी टांगला, हाच पहिला प्रश्न येणार. मग त्याने कात्री घेतली, तो चौकोन कापून काढला, भोकावर लेबल नीट टाचलं आणि तुकडा बॉयलरमध्ये टाकला. परत येताना वाटेत टाक्या लागल्या. भाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता. बोटांची सालं निघाली होती.

"दादा, मालकांशी एकदा बोल ना. तुझं ऐकतात ते."

"बघतो," दॅनसाहेब म्हणाला. मग टाकीत वाकून पाहिलं. "तळाला डाग राहिलाय."

नव्या मास्तराने खिळ्यावरच्या नमुन्याबरहुकूम रंग लावला. दॅनसाहेबाने एकही चिठ्ठी न लिहिता माल सोडला. दोन महिन्यांनी सगळ्या पेट्या परत आल्या, वर पत्र. गिऱ्हाइकाकडे नमुन्याचा जोडीचा तुकडा होता आणि त्यांनी तो कपाटात ठेवला होता. मालकांनी सगळ्यांना तपासणीच्या खोलीत बोलावलं आणि पत्र दॅनसाहेबापुढे धरलं.

"वाचा."

"लायटर दॅन सॅम्पल."

"म्हणजे?"

"नमुन्यापेक्षा... फिकट."

"मी ह्याच नमुन्यावरून केलंय," नवा मास्तर ओरडला.

मालक भावाकडे वळले. "मूळ रंग कसा होता, तू सांग."

"मी टाक्या धुतो, मालक. दादाला विचारा. त्याला इंग्रजी येतं."

मालकांनी स्वतःच नमुना खिळ्यावरून काढला. उन्हाने भिंत पिवळट पडली होती. नमुन्यामागचा तेवढा चौकोन मात्र काल रंगवल्यासारखा हिरवागार. मालकांनी भिंतीकडे पाहिलं, मग खिडकीकडे. लेबल उलटलं. भोकातून त्यांचं बोट आरपार गेलं.

"हे कुणी कापलं?"

थोरल्या बाईने तोंडाला पदर लावला.

मालकांनी दॅनसाहेबाला कामावरून काढलं नाही. दोन वर्षं पुरी कर म्हणाले, पण टाक्यांवर. भाऊ पुन्हा मास्तर झाला. पहिल्या दिवशी दॅनसाहेबाने सबंध दुपार एकच टाकी घासली. सुटी व्हायच्या वेळी भाऊ आला, टाकीत वाकला आणि तळावरून सावकाश बोट फिरवलं. टाकी लख्ख होती.

"दादा," तो म्हणाला, "तळाला डाग राहिलाय."