सांगलीला जायचं राहून गेलं

सातारच्या एसटी स्टँडवर सकाळी नऊच्या सुमाराला आम्ही कॉलेजची पोरं घोळक्याने उभी असायचो. गावाला जायला नव्हे, गावाकडून येणारा डबा उतरवून घ्यायला. म्हसवडची मुक्कामी गाडी लागली की कंडक्टर वैतागून एकेक पिशवी खिडकीतून बाहेर द्यायचा आणि आम्ही आपापला डबा ओळखून घ्यायचो. त्यातच दोन्ही वेळचं जेवण. रात्रीचं ताटलीत काढून ठेवायचं आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत गावी. त्या काळात माण-खटावकडच्या पोरांची कॉलेजं अशीच चालायची, आणि मेसला जेवणारी शहरी पोरं आम्हाला ‘एसटीवाले’ म्हणायची.

ती गाडी आमच्या गावच्या फाट्यावर सहाच्या आत यायची. म्हणजे आईला चारला उठून चूल पेटवावी लागायची. थंडी असो, अंग दुखत असो, घरात पाहुणे असोत, फाट्यावर डबा पोचायचाच. वर्षभरात एकदाही चुकला नाही. मला मात्र त्या डब्याचं फार ओझं वाटायचं. एवढ्या पहाटे उठून कुणी भाकरी थापतंय आणि आपण इथे रसायनशास्त्राच्या तासाला पेंगतोय, हे काही केल्या मनातून जायचं नाही.

रसायन मला कधी जमलं नाही. प्रयोगशाळेत सगळ्याचा वास यायचा, अर्थ कशाचाच लागायचा नाही. मला दगडांचं वेड होतं. नुकताच मोठा दुष्काळ होऊन गेला होता. आमचं अख्खं गाव रोजगार हमीवर खडी फोडायला बसलं होतं, त्यात मीही होतो. सगळ्या गावाला दगडाचा वीट आला आणि मला तेव्हाच त्याची गोडी लागली. फुटलेल्या काळ्या दगडाच्या पोटात कधी पांढरे, कधी हिरवट खडे निघायचे. ते कुठून आले, हे सांगणारं कुणी नव्हतं.

सांगलीला माझी सख्खी मावशी. मावशीचे यजमान हळदीच्या पेठेत एका अडत्याकडे कामाला होते. त्यांच्या शेजारचा एक मुलगा तिथल्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होता. दिवाळीत मी गेलो तेव्हा त्याने दगडांची पेटी उघडून दाखवली. प्रत्येक दगडाला नाव होतं! दुपारी बसलो तो दिवेलागणीलाच उठलो. तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट. आमच्या साताऱ्याच्या कॉलेजात हा विषयच नव्हता. पहिलं वर्ष संपलं की सांगलीला जायचं, नाहीतर पुढची दोन वर्षं त्या वासात काढायची.

वडील फौजेतून निवृत्त होऊन आलेले. त्यांना मी भीत भीत सांगितलं. ते म्हणाले, “बदली मागायची आसंल तर माग. न्हाईतर हाय त्या ठाण्यावर गप ऱ्हा. पर रोज उठून इचार करत बसू नगंस. त्यानं मानूस थकतो.”

हे त्यांचं खरं होतं. मी नुसत्या विचारानेच थकून गेलो होतो. रात्री ठरवायचं जायचं, सकाळी स्टँडवर डबा हातात आला की ठरवायचं नको. सांगलीला गाडी बदलून जावं लागे, तिथे डबा पाठवायची सोयच नव्हती. मावशीकडेच जेवावं लागणार. आईच्या हातची भाकरी बंद करून तिच्या बहिणीच्या ताटावर बसायचं, हे आईला काय वाटेल? तिला विचारायचं धाडस होत नव्हतं. आमच्या घरात असलं कुणी कुणाला विचारत नसे.

मे महिन्यात परीक्षा संपली आणि मी सांगलीला जाऊन आलो. कॉलेजातल्या कारकुनाने मान वर न करता सांगितलं, “दाखला आणा, जागा आहे. पहिल्या वर्षाचा भूगर्भशास्त्राचा पेपर मात्र जादा द्यावा लागेल.” मी म्हटलं, देतो. एक काय, चार देतो. मावशी म्हणाली, “माझी दोन पोरं हाईत, तू तिसरा. वरच्या माळ्यावर अंथरूण टाक आनि अब्यास कर.” परतीच्या गाडीत बसायला जागा नव्हती, पण वर्षभरात पहिल्यांदा मला थकल्यासारखं वाटलं नाही. सगळं ठरलं होतं. घरी सांगायचं तेवढं राहिलं होतं.

घरी पोचलो तर दारातल्या लिंबाखाली म्हसवडचे कल्हईवाले चाचा भाता मारत बसलेले, आणि शेजारी आई उभी. चाचांनी माझाच पितळी डबा चिमट्यात धरला होता. नवसागराचा धूर निघाला, त्यांनी आतून बोळा फिरवला आणि डबा लखलखला. आईने तो हातात घेऊन चारी बाजूंनी निरखला. “आता कसा नव्यावानी झाला,” ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं.

पुढच्या वर्षाची तयारी तिने आत्ताच करून ठेवली होती. आता हिला कुठल्या तोंडाने सांगायचं, की तुझा डबा नको?

संध्याकाळी जेवताना वडिलांनी विचारलं, “काय ठरलं मग?”

मी आईकडे पाहिलं. ती पाठमोरी बसून भाकरी थापत होती.

“हितंच बरं हाय,” मी म्हणालो.

“बरं,” वडील म्हणाले. आईचा हात परातीत जरासा थांबला आणि पुन्हा थापायला लागला. मला वाटलं, तिच्या जिवाला बरं वाटलं असेल.

पुढची दोन वर्षं कशी गेली ते आठवायलाही मला कंटाळा येतो. सूत्रं पाठ करायची, परीक्षेत उतरवायची, विसरायची. उन्हाळ्यात डब्यातलं कालवण आंबायचं, हिवाळ्यात भाकरी कडक व्हायची. चौकात कुठे फोडलेल्या दगडांचा ढीग दिसला की मी मान फिरवून पुढे जायचो. चिडचिड वाढली होती, पण चिडायचं कुणावर? रविवारी गावी गेलो की आई बसल्या जागी पेंगताना दिसायची. तांदूळ निवडता निवडता तिची मान खाली जायची. मी मनात म्हणायचो, हिचं वय झालं. तेव्हा तिने चाळिशीसुद्धा गाठली नव्हती.

शेवटी बी. एस्सी. झालो, रसायन घेऊन. जेमतेम. निकालानंतर मावशी पेढे खायला म्हणून गावी आली. सोप्यात आम्ही सगळे बसलो होतो. मावशी मला म्हणाली, “का रं, तवा आला न्हाईस ते? दिवाळीपतूर माळा रिकामा ठेवला व्हता तुज्यासाटनं. आनि माजा डबाबी दिला न्हाई तुज्या आयनं.”

“कुठला डबा?” मी विचारलं.

“पितळंचा. तुला साताऱ्याला घातला तवा मागून आनला व्हता की हिनं.”

आई हसली. “तुला द्यायलाच कल्हई करून घेतली व्हती बाई. दुसऱ्याचं भांडं काय तसंच काळं द्यायचं? म्हटलं पोरगं सांगलीला जाईल, त्याच्याच हाती देऊ. मलाबी जरा झोप मिळंल सकाळची. लय आस लागली व्हती गं झोपंची.”

मला एकदम रागच आला. माझ्यावर, तिच्यावर, त्या लिंबाखालच्या धुरावर. “मग बोलली का न्हाईस?” मी जवळजवळ ओरडलोच. “जा म्हणायचंस की मला!”

आई माझ्याकडे बघतच राहिली, जणू मी काहीतरी भलतंच विचारलं होतं.

“आयनं पोराला घरातनं जा म्हनायचं आसतं व्हय रं?” ती म्हणाली. “तू म्हनायचं, जातो. मी म्हनायचं, नगं जाऊ. मग तू जायचं.”

मावशी पदराने वारा घेत हळदीच्या भावाचं काहीतरी सांगू लागली. आई हूं हूं करत ऐकत होती. बघता बघता तिचं हूं म्हणणं थांबलं. भिंतीला टेकून, भरदुपारी, ती गाढ झोपली होती.