वडिलांचा डिस्चार्ज

आज विश्रामबागच्या दवाखान्यात नर्स मला म्हणाली, "उद्या डिस्चार्ज," आणि रहिमतपूरची नव्वदच्या दशकातली एक दुपार आठवली.

पाय मोडून फौजेच्या इस्पितळात पडलेले वडील अचानक ट्रंक घेऊन दारात उभे होते. अंगाला प्रवासाचा घामट वास.

"आवं, सुट्टी कवापातूर?" आईने विचारलं.

"सुट्टी न्हाई. डिस्चार्ज दिला."

आईला हा शब्द दवाखान्यातलाच ठाऊक. तिचा चेहरा उजळला. "म्हंजे पाय बरा झाला की!"

खरं तर पाय बरा होणार नव्हता, म्हणूनच फौजेने डिस्चार्ज देऊन नोकरीवरून कमी केलं होतं. "व्हय, लय बरा हाय," म्हणत वडील उंबऱ्यावरच बसले.

आता कळतं, एक शब्द समजावण्याइतकंही बळ त्यांच्यात उरलं नव्हतं. आईने आनंदाने शिरा केला. वडिलांनी तो पुन्हा मागून खाल्ला.