टेम्पोवाल्यांच्या सभेतला हुंकार

परदेशात संसार थाटलेल्या मैत्रिणींचा सुवर्णाला कधी हेवा वाटला नाही. तिला हेवा वाटायचा एका सभागृहात बसून, तोंड मिटून ‘हुं’ म्हणणाऱ्या माणसांचा. आता अशा पोरीला घरच्यांनी काय म्हणावं?

साल दोन हजार एक. सुवर्णा नाशिकला, अंबडच्या एका लहान कारखान्यात इंजिनिअर होती. एका ऑफिसातले कॉम्प्युटर आपसात जे बोलतात, ते जसंच्या तसं इंटरनेटवरून दुसऱ्या गावच्या ऑफिसात पोचवणारं यंत्र तिथं बनत होतं. तिचे वडील खंडेराव पंचवटीच्या बाजारात भाजी न्यायचे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हंजे भरलेलं कॅरेट न उघडता टेम्पोत ठेवायचं. त्यात लय मोठं काय हाय?”

“नाना, नियम कोणी करायचे, कॅरेटवाल्यांनी का टेम्पोवाल्यांनी, यावरच जगभर भांडण जुंपलंय.”

कॅरेटवाले म्हणजे टेलिफोनच्या जमान्यापासूनच्या संस्था. तिथं सरकारं आणि बड्या कंपन्या बसणार. अंबडच्या सुवर्णाला कोण विचारतो? टेम्पोवाले म्हणजे इंटरनेटवाल्यांची संस्था. तिथं ज्याला कळतं त्यानं ईमेल लिहावी, बस्स. सुवर्णानं लिहिली होती. कुणा अनोळखी गोऱ्या माणसानं तिचं नाव घेऊन, तिचा मुद्दा उचलून उत्तर दिलं, तेव्हा ती दिवसभर हवेत होती. शिवाय यांच्या सभेत हात वर करत नाहीत. अध्यक्ष विचारतो आणि पटलेली माणसं हुंकार देतात. ज्या बाजूचा घुमारा मोठा, तिकडे कौल. त्यात थोर कोण नि लहान कोण, कळतच नाही. त्या घुमाऱ्यात आपलाही आवाज मिसळावा, एवढंच तिला हवं होतं.

हा वाद टेम्पोवाल्यांच्या ज्या सभेत निघणार होता, तिला कारखान्यातून एकालाच जाता येणार होतं. तो एक म्हणजे साहेबच, हे सांगायला पंचांग लागत नव्हतं. सुवर्णानं त्यांना दोनदा बजावलं, “सर, आपल्या बाजूचं विचारलं की हुंकार द्यायचा.” साहेब हसले.

परत आले ते चॉकलेटं घेऊन. “अगं, मतदान झालंच नाही! मी हात वर करायला टपून बसलो होतो. मध्येच माईक घूं घूं करायला लागला, मग सगळे चहाला उठले.”

“सर, तोच हुंकार होता.”

“खरंच? मला वाटलं तू थट्टा करत होतीस.”

नियम करायचं काम टेम्पोवाल्यांकडेच आलं. कारखान्यात पेढे वाटले. सुवर्णानंही पेढा खाल्ला. पण आपण जिथं बसायचं त्या खुर्चीत बसून साहेब गप्प राहिले, हे तिला फार लागलं. पुढेही दर वर्षी सभा झाल्या, कधी या देशात, कधी त्या, आणि दर वेळी जायला कुणीतरी दुसरंच निघालं.

मग सभेचा आवाज इंटरनेटवर ऐकू यायला लागला. एका संध्याकाळी ती ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसली होती. तिनं ज्यावर कितीतरी ईमेल लिहिल्या होत्या तोच नियम चर्चेला निघाला. अध्यक्षांनी विचारलं. सुवर्णानं डोळे मिटले आणि छाती भरून हुंकार दिला.

शेजारच्या टेबलावरची भाग्यश्री, नुकतीच नोकरीला लागलेली, घाबरून उठली. “मॅडम, काही दुखतंय का?”

“नाही गं. मत दिलं.”

“मग ऐकलं त्यांनी?”

“इकडचा आवाज तिकडे जात नाही,” सुवर्णा म्हणाली, आणि पुढचा प्रश्न ऐकायला सरसावून बसली.