पाय न टेकता

माझ्या वहिनीला गाडी मी शिकवली, हे मी चारचौघांत सांगते तेव्हा लोकांना वाटतं, ही फुशारकी मारतेय. मारतेच. पण तिला पास मी केलं नाही. ते काम आमच्या तात्यांनी केलं, आणि त्यांना विचारलंत तर ते साफ नाही म्हणतील.

वहिनी म्हणजे मंदाकिनी, श्यामदादाची बायको. सदाशिव पेठेत आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे रक्त तपासायची एक लॅब आहे. लग्नानंतर वर्षभरात ती तिथं लागली. हात इतका हलका की सुई बघून भोकाड पसरणारी पोरं तिला विचारायची, झालं पण? सकाळी सायकलवरून जायची, दुपारी जेवायला घरी यायची. जन्मभर असंच चालणार, असं तिनं धरलं होतं.

मग खराडीला काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि तिथं कामाला जाणाऱ्यांचे फ्लॅट पार वारज्यापर्यंत पसरले. ही मंडळी उपाशीपोटी पेठेत येऊन बाकावर ताटकळायला तयार नव्हती. फोन करून सांगायची, साडेसहाला घरी या, आठला आमची बस असते. लॅबच्या डॉक्टरांनी वारं ओळखलं. वहिनीला बोलावून म्हणाले, "बाई, इथं बसायला मी एक मुलगी घेतोय. तुम्ही घरोघरी जायचं. दिवाळीपर्यंत लायसन काढा. जमणार नसेल तर तसं सांगा."

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. चहासुद्धा घेईना. "सुहासवन्सं, मला घरी नाही बसायचं हो," एवढंच म्हणाली आणि तिचे डोळे भरले. ही बाई स्वतःसाठी काही मागतेय, हे मी पहिल्यांदा ऐकत होते. मला तिची दया आली, आणि आम्हा सगळ्यांचा रागही आला. इतकी वर्षं कुणाला सुचलं नव्हतं की हिला काही हवं असेल.

शिकाऊ लायसन निघालं आणि माझी जुनी विनागिअरची स्कूटर घेऊन आम्ही रोज पहाटे नदीपात्रातल्या रस्त्यावर जायला लागलो. सायकल येत असल्यामुळे तोलाचा प्रश्न नव्हता. घोडं अडलं ते मुठीपाशी. पहिल्या दिवशी तिनं ती अशी पिळली की रस्त्यातल्या म्हशी आपण होऊन बाजूला झाल्या. मी मागं बसून देवाचं नाव घेत होते, आणि अधूनमधून तिचंही.

पण हात बसला, आणि एका सकाळी ती म्हणाली, "वन्सं, वारज्यापर्यंत जाऊन येऊ?"

"तिथं काय आहे?"

"काही नाही. उगाच."

गेलो. ती पुढे, मी मागे. कुठं जायचं ते नंतर, आधी "कुणी सोडेल का" हे विचारायचं, अशी तिची सगळी वर्षं गेली होती. आज विचारायचं कुणाला नव्हतं. वारज्याला टपरीवर चहा प्यायलो आणि परत आलो. येताना ती काहीतरी गुणगुणत होती. मी कधी ऐकलं नव्हतं तिला गुणगुणताना.

आता तात्यांचं सांगते. तात्याराव, माझे वडील, गणिताचे मास्तर. निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. एके काळी ते समोर दिसले की माणसं सायकलवरून उतरत, नमस्कार करत, ते पुढे गेले की परत बसत. त्यांनी कधी कुणाला उतर म्हटलं नाही, पण कोण उतरलं नाही ते बरोबर लक्षात ठेवलं. पुढे स्कूटरी आल्या आणि उतरणं गेलं. पोरं नुसती मान हलवायला लागली, मग हॉर्न वाजवायला लागली. "हॉर्न म्हणजे नमस्कार नव्हे," तात्या म्हणायचे. मी तर कॉलेजात असल्यापासून उतरत नाही, तेव्हापासून आमचं वाकडं आहे. उतरणारी उरली होती एकटी वहिनी. तात्या रोज सकाळी गल्लीच्या तोंडाशी, औषधांच्या बंद दुकानाच्या पायरीवर पेपर वाचत बसतात. त्यांच्यापाशी आली की ही सायकलवरून उतरायची, सायकल हातात धरून त्यांना ओलांडायची आणि मग पुन्हा बसायची. ऊन असो, पाऊस असो, उशीर झालेला असो.

परीक्षेच्या दिवशी दादाची पहिली पाळी होती. तात्या टोपी घालून तयार. "सून परीक्षेला बसते आहे. घरचं वडीलधारं कुणीतरी हवं."

आरटीओच्या मैदानात जमिनीवर भला मोठा इंग्रजी आठ रंगवलेला असतो. त्यावरून गाडी फिरवायची, पाय टेकायचा नाही. वहिनीनं पहिलं वळण असं घेतलं की परीक्षा घेणाऱ्या साहेबांनीसुद्धा मान हलवली. दुसरं वळण घेऊन ती आमच्याकडे तोंड करून आली, समोर तात्या उभे, आणि तिचा पाय खाली आला. नुसता टेकला नाही, बाई अर्धी उतरली.

"पाय टेकला. पुढच्या आठवड्यात या," साहेब म्हणाले.

"तोल गेला," वहिनी म्हणाली. माझ्याकडे बघायचं मात्र टाळलं.

घरी येऊन मी तात्यांना गाठलं. "पुढच्या वेळी तुम्ही येऊ नका."

"का? मी काय तिचा पाय धरला होता?"

"धरलाच होतात."

तात्यांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. आतून वहिनीनं ऐकलं होतं. मला बाजूला घेऊन म्हणाली, "त्यांना नको म्हणू नका हो. नाही आले तर रागावले असं वाटेल मला. मग तेच डोक्यात घोळेल." झालं. आले तरी नापास, नाही आले तरी नापास. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात ते हेच. दिवाळी तोंडावर आली होती आणि लॅबमध्ये ती नवी मुलगी रुजूसुद्धा झाली होती.

पुढच्या आठवड्यात तात्या आले. मैदानाच्या कडेला त्याच जागी उभे राहिले. वहिनीचा नंबर पुकारला गेला. तिनं त्यांच्याकडे पाहिलं, आणि तात्या वळले. मैदानाकडे चक्क पाठ करून उभे राहिले. हात मागे बांधलेले, समोर बघायला काय, तर कंपाउंडची भिंत.

गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. "पहिलं वळण?" त्यांनी भिंतीलाच विचारलं.

"झालं."

"दुसरं?"

"घेतेय."

मागे बांधलेली त्यांची बोटं एकमेकांत घट्ट रुतली होती. आयुष्यभर दुसऱ्यांना परीक्षेला बसवलेला माणूस, त्याच्या कपाळावर घाम.

"तात्या, झाली पास," मी म्हणाले. एकदाचं गंगेत घोडं न्हालं. ते वळले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मी काही पाहिलं नाही." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. आमच्याकडे तशी पद्धत नाही, म्हणून राहिलं.

लायसन आलं. वारज्याच्या पहिल्या कामाला ती निघाली त्या सकाळी मी मुद्दाम गॅलरीत येऊन उभी राहिले. खाली तात्या त्यांच्या पायरीवर. वहिनी गाडी घेऊन निघाली, त्यांच्या जवळ येईतो सवयीनं वेग कमी झाला, आणि मला वाटलं, आता ही उतरणार. तेवढ्यात तात्यांनी पेपर उचलून तोंडासमोर धरला. पुरता, टोपीपासून छातीपर्यंत.

वहिनी क्षणभर घुटमळली. पाय फळीवरच राहिला. पुढे गेली आणि वळणाआधी तिनं हॉर्न वाजवला, अगदी हलका, एकदाच.

आता तात्या बोलणार, म्हणून मी कान टवकारले. पेपर काही खाली आला नाही. त्याच्या वरून एक हात तेवढा वर आला, नमस्कार करणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतात तसा, आणि गाडीचा आवाज पुरता विरेपर्यंत तो तसाच होता.